मिस्त्री आला की पेटतो

सूनबाई शुक्रवारी दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी येणार होती, आणि मंगळवार उजाडला तरी घरात पाय टेकवत नव्हता एवढा गारठा. मोठीआई दोन स्वेटर आणि वर शाल गुंडाळून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मागच्या खोलीत ठाकठूक चालली होती, आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्यांच्या कपाळावर एक आठी चढत होती.

मागच्या खोलीत बॉयलर होता. पाणी तापवायचं आणि भिंतींवरच्या लोखंडी पाइपांतून घरभर फिरवायचं, एवढंच त्याचं काम. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या पोटात लाकडं जळत. पण तान्ह्या बाळाच्या घरात लाकडाचा धूर नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि चिरंजीवांच्या डोक्यात तेलाचा बर्नर आला. बॉयलर तोच ठेवायचा, फक्त लाकडाच्या जागी तेलाची ज्योत. चिरंजीव शिवणयंत्रं विकत असल्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांतलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. मोठीआईंनी तो कधी मोडला नव्हता. एवढ्याशा समजावर लेकरू खूश राहत असेल तर राहू दे, आपलं काय जातं?

खरा जीव अडकला होता तो दुसरीकडे. आदल्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला होता.

"माझ्याकडं खोलीखोलीत हीटर आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी मी पोरीबरोबर येतेच. घर तापलेलं असलं तर आनंद आहे. नाहीतर तिथल्या तिथं दोघींना माझ्या घरी घेऊन जाते. थंडी सरली की या न्यायला."

"या की," मोठीआई म्हणाल्या. "येताना घाम पुसायला रुमाल तेवढा आणा."

बोलून तर बसल्या. फोन ठेवल्यावर मात्र सगळं डोळ्यांपुढं आलं. पहिली नात. तिचं पहिलं हसू, पहिली कूस बदलणं, सगळं विहीणबाईंच्या मांडीवर व्हायचं आणि आपण फोनवर ऐकायचं! त्यापेक्षा स्वतः बॉयलरमध्ये बसून जळलेलं बरं.

मिस्त्री माणूस चांगला होता. बुटका, गोल, बोलायला मऊ. काम नेटकं. तेलाची टाकी त्यानं अंगणात भिंतीपासून लांब, चौथऱ्यावर बसवली. तिथून तांब्याची नळी आत आणली, मध्ये गाळणी घातली, आग लागली तर तेल आपोआप बंद होईल अशी तोटी बसवली. सगळं जिथल्या तिथं. खोट म्हणाल तर एकच. यंत्राबद्दल जे सांगायचं ते तो फक्त पुरुषांना सांगे. मोठीआई दारात आल्या की म्हणे, "आई, तुम्ही कशाला गारठ्यात येताय? बसा तुम्ही. साहेबांना मी सगळं समजावतो."

आणि साहेब कोण? तर नाना. मोठीआईंचे यजमान. ज्यांना चहात साखर घातली की नाही हे चहा संपल्यावरही सांगता येत नाही, ते.

मिस्त्रीनं बाहेरच्या भिंतीला, अगदी खाली, थाळीएवढं गोल भोक पाडलं आणि त्याला जाळी लावली. पाडता पाडता तो नानांना म्हणाला, "हे भोक म्हणजे बर्नरचं नाक आहे, साहेब. तेल जळायला हवा लागते. हे बंद झालं तर ज्योत गुदमरेल, काजळी धरेल, विषारी वायू होईल. कधीही झाकायचं नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

"हो, हो," नाना म्हणाले. छिन्नीच्या आवाजात त्यांना निम्मं ऐकू आलं. उरलेलं निम्मं आज जेवायला काय असेल या विचारात गेलं. चिरंजीव त्या वेळी टाकीपाशी होते. त्यांना वाटलं, नानांना सांगितलंय. नानांना वाटलं, पोराला ठाऊकच असणार.

दुपारी बर्नर पेटला. घूं करून एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि काचेच्या भिंगातून पिवळी ज्योत दिसली. मिस्त्रीनं हवेची झडप कमी-जास्त केली, चिमणीत नळी घालून धूर पांढऱ्या कागदावर घेतला. कागदावर डाग नाही. मिस्त्री लग्नातल्या नवरदेवासारखा हसला.

"आता एक लक्षात ठेवा," तो चिरंजीवांना मोठ्यानं म्हणाला. "विझला तर हे लाल बटण एकदाच दाबायचं. नाही पेटला तर दुसऱ्यांदा दाबायचं नाही. आत तेल साठतं आणि मग पेटला की भडकतो. सरळ मला बोलवा."

हे मात्र मोठीआईंना स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू आलं.

मिस्त्री गेला. पाइप कोमट झाले. मोठीआई मागच्या खोलीत बघायला गेल्या आणि दारातच थबकल्या. पायांवर वारा! खाली वाकून बघतात तर भिंतीला हे एवढं भगदाड.

आता मोठीआईंचा आणि फटींचा उभा दावा. घरातल्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीत त्यांनी चिंध्यांच्या वळकट्या ठासलेल्या. दाराखाली वाळू भरलेली पिशवी. कुलपाच्या भोकातसुद्धा कापूस. नानांना किल्ली लावायची तर आधी कापूस काढावा लागे. अशा बाईच्या घरात, ऐन हिवाळ्यात, तान्हं बाळ येणार असताना, एका परक्या माणसानं भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं!

"काम झालं आणि भोक बुजवायचं विसरला मेला," त्या पुटपुटल्या. माळ्यावरची जुनी गोधडी काढली, गोल घडी घातली आणि भोकात अशी ठासली की मुंगीला आत यायचं तर परवानगी काढावी लागावी. दार लावलं, दाराखाली पिशवी सरकवली. वारा बंद. त्यांना फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं बर्नर खोकायला लागला. मग गुरगुरला. मग बंद पडला आणि त्याच्यावर लाल दिवा लागला.

चिरंजीवांनी बटण एकदा दाबलं. बर्नर घूं म्हणाला, धुरकट पेटला, पुन्हा विझला.

"मिस्त्रीला फोन कर," नाना म्हणाले.

"केला. निघालाय."

"मिस्त्री येतोय?" मोठीआई ताडकन उठल्या. त्या गोधडीची त्यांना आठवण झाली. तिच्या एका ठिगळात त्यांचा जुना परकर होता आणि दुसऱ्यात नानांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. घरची फाटकी वस्त्रं परक्या पुरुषानं बघायची? शक्यच नाही. त्या लगबगीनं मागं गेल्या, गोधडी उपसून काढली, घडी करून फळीवर ठेवली. जळका वास जावा म्हणून दारही सताड उघडलं.

मिस्त्री आला. बर्नरला एक काचेचा डोळा असतो. ज्योत दिसते आहे की नाही हे तो बघतो, दिसली नाही तर तेल बंद करतो. त्या डोळ्यावर काजळी धरली होती. मिस्त्रीनं ती पुसली, बटण दाबलं आणि बर्नर गुणी बाळासारखा पेटला.

"हवेचं भोक उघडं असतं ना?" त्यानं विचारलं.

नानांनी वाकून बघितलं. भोक उघडं होतं. "आहे की. हे काय."

मिस्त्री डोकं खाजवत गेला. त्याची गाडी कोपऱ्यावर वळली आणि मोठीआईंनी गोधडी पुन्हा जागेवर बसवली.

बुधवारी सकाळी मिस्त्रीनं गाळणी बदलली. बुधवारी दुपारी नळीतली हवा काढली. संध्याकाळी येऊन नोझल बदललं. नोझल म्हणजे तेल फवारणारी बारीक तोंडाची पितळी टोपी. दर वेळी तो आला की बर्नर पेटे. तो बसला असेतो झकास चाले. तो गेला की थोड्या वेळानं खोकून मरे.

"माझ्या ध्यानात आलंय," नाना गंभीरपणे म्हणाले. "त्याला मिस्त्रीची सवय लागली आहे."

"कुणाला?"

"बर्नरला. जनावराचं असतं तसं. मालक ओळखतात ती."

"नाना, ते यंत्र आहे," चिरंजीव म्हणाले.

"मग तू कर की सुरू."

चिरंजीवांनी बर्नरवर टिचकी मारून बघितली. शिवणयंत्रात असलं काही कधी झालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी मिस्त्रीला ठेवूनच घेतलं. बॉयलरपाशी खुर्ची टाकली, पाठीला उशी दिली. मोठीआईंनी चहा केला, मग जेवण, मग परत चहा. मिस्त्री संकोचून बसला होता, बर्नर समाधानानं घुरघुरत होता आणि घर असं तापलं की मोठीआईंनी एक स्वेटर उतरवला.

"आई, मला घरी जायला हवं हो," मिस्त्री संध्याकाळी काकुळतीला आला. "बायको म्हणेल, कुठल्या बर्नरपाशी बसलास?"

"तिलाही घेऊन या," नाना म्हणाले. "खोली आहे आपल्याकडे."

"मी हत्यारांची पिशवी इथं ठेवतो," मिस्त्री म्हणाला. "जवळच एक काम उरकतो आणि परत येतो."

तो परत येणार म्हणून मोठीआईंनी गोधडीला हात लावला नाही. कोण कधी दारात येऊन उभं राहील, काय सांगावं! मिस्त्रीचं काम लांबलं आणि तो आलाच नाही, पण बर्नर चालूच राहिला. नाना मागच्या खोलीत गेले, पिशवीकडे बघितलं, बर्नरकडे बघितलं आणि चवड्यांवर चालत बाहेर आले.

"पिशवीवर चालतोय," ते कुजबुजले. "वास येत असणार तिचा."

शुक्रवारी उजाडताच मिस्त्री पिशवी न्यायला आला तेव्हा नाना तिला दोन्ही हातांनी धरून उभे होते. "पान्हे घेऊन जा," ते म्हणत होते, "पिशवी तेवढी राहू दे." पण हातावर पोट असलेल्या माणसाची पिशवी कोण ठेवून घेणार? ती गेली. मोठीआईंनी निःश्वास टाकून गोधडी ठासली. बर्नर खोकला आणि मेला.

आता घरात खरी धावपळ उडाली. दुपारी बाळ यायचं. चिरंजीवांनी बटण एकदा दाबलं, नुसता धूर निघाला. फोन लावला. मिस्त्री म्हणाला, तासाभरात पोचतो, तोवर डोळा पुसायचं फडकं ठेवलंय तिथं, त्यानं डोळा तेवढा पुसून ठेवा. मोठीआईंनी गोधडी काढली, दार उघडलं. चिरंजीवांनी डोळा पुसला. आणि पुसलाच आहे तर म्हणून, धूर निवळल्यावर, बटण दाबून बघितलं.

बर्नर पेटला.

"नोझल बसलं जागेवर," चिरंजीव म्हणाले, आणि बापलेक गाडी घेऊन दवाखान्यात गेले.

मोठीआई एकट्या राहिल्या. मिस्त्रीची वाट बघत बसल्या. तास गेला. मिस्त्रीची गाडी बंद पडली, असा निरोप आला. पाइप तापत होते. मिस्त्री नाही, पिशवी नाही, घरात कुणी पुरुषसुद्धा नाही. बर्नर मजेत चालला होता.

"मग हा चालतोय कुणासाठी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

त्या मागच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर बसल्या. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम चढलेली, पण चुलीपुढं जन्म गेलेला. बघत बसल्या. फळीवर गोधडी होती. भिंतीला भोक होतं. त्यांनी उठून भोकाशी हात धरला. गार वारा बोटांतून आत येत होता आणि थेट बर्नरच्या तोंडाकडे जात होता. जसा फुंकणीतला चुलीकडे जातो.

मोठीआईंच्या कानांच्या पाळ्या हळूहळू गरम झाल्या. बर्नरचा त्यात काही संबंध नव्हता.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर नीट केला, चेहरा नेहमीसारखा केला आणि ठरवलं की यातलं अक्षरही कुणाला कळता कामा नये. मिस्त्रीला तर मुळीच नाही.

दुपारी गाडी आली. सूनबाई उतरली, तिच्या कुशीत बाळ, आणि मागं विहीणबाई. अंगावर भरतकामाची जरीकाठी शाल, हातात पिशव्या, आणि नजर अशी की घरात गारठा कुठं लपलाय तो हुडकून काढायचाच.

"या," मोठीआई म्हणाल्या. "रुमाल आणलात?"

विहीणबाई सरळ आत आल्या. दिवाणखान्यातल्या पाइपला हात लावला. चटकन काढला. बाळाच्या खोलीतल्या पाइपला लावला. तोही काढला. खिडक्या तपासल्या. वळकट्या दाबून बघितल्या. दाबल्या जाईनात.

"तापलंय," त्या म्हणाल्या. आवाज असा, जणू दात काढून घेतलाय. "आत्ता तर तापलंय. संध्याकाळी काय? यंत्राचा काय भरवसा?"

"आई, बस ना जरा," सूनबाई म्हणाली.

"हात धुऊन येते," विहीणबाई म्हणाल्या आणि मागं गेल्या. बऱ्याच वेळानं परतल्या. मोठीआई नातीच्या मुठी उघडून बघण्यात गुंगल्या होत्या, म्हणून विहीणबाईंच्या अंगावर शाल नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि मागून आवाज आला. खोकल्याचा.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. चिरंजीव पांढरे पडले. पुन्हा खोकला. गुरगुर. शांतता.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं? पोरी, चल, पिशव्या उघडूच नकोस."

चिरंजीव मागं धावले.

"बटणाला हात लावशील तर याद राख!" मोठीआई एवढ्या जोरानं ओरडल्या की बाळसुद्धा दचकलं. नात सूनबाईच्या हाती देऊन त्या उठल्या. "कुणी यायचं नाही. मी बघते."

"तू?" नाना म्हणाले.

"मग काय मिस्त्रीची पिशवी बघणार?"

त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि भोकाकडे बघितलं. भोकात जरीकाठी शाल होती. चारी बाजूंनी दुमडून, कडा आत खोचून, मधोमध गाठ मारून बसवलेली. काम असं सुबक की मोठीआईंना मनातून मान डोलवावी लागली. आपली गोधडी यापुढं काहीच नव्हती.

"वारा केवढा येत होता हो," मागून विहीणबाईंचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या. "बाळ आहे घरात, आणि एवढं भगदाड. म्हटलं, तुमच्या माणसांचं लक्ष नसेल."

मोठीआईंनी शाल ओढून काढली. जरीच्या काठाला काजळीची नक्षी झाली होती. आता बोलायची आयती संधी होती. दिवाणखान्यात सगळे बसले होते. एक हाक मारायची आणि शाल वर धरायची, की विहीणबाईंनी जन्मात पुन्हा या घराचं नाव काढलं नसतं.

"विहीणबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्योतीला श्वास लागतो. हे तिचं नाक आहे. नाक दाबलं तर तुम्ही तरी जगाल का?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शाल घेतली, काठ बघितला, घाईनं घडी घातली. मग मान वर केली.

"पण तुम्हाला एवढ्या झटक्यात कसं कळलं? अजून मिस्त्रीलाही कळलेलं नाही म्हणे."

"बाईमाणसाला कळतं."

विहीणबाई फळीपाशी गेल्या. गोधडी उचलली. तिच्या मधोमध थाळीएवढा गोल खळगा होता, आणि खळग्याला काळी कड.

"ही कसली?"

"जुनी आहे. जुन्या गोधडीला खळगे पडतातच."

"गोल?"

"गोल."

दोघी बॉयलरच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. विहीणबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. मोठीआईंचा दुसरा कोपरा हलला. धूर निवळेपर्यंत दोघी तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. तो धुरामुळे लावलाय असं कुणी म्हणालं असतं तर दोघींनी मान्य केलं असतं. मग मोठीआईंनी फडक्यानं डोळा पुसला, बटण एकदाच दाबलं, आणि घूं झालं.

"आता संध्याकाळची चिंता नाही," त्या म्हणाल्या. "बाळ इथंच राहील ना?"

"राहील," विहीणबाई म्हणाल्या. गोधडी अजून त्यांच्या हातात होती. "मी पण राहीन म्हणते. चार दिवस. थंडी सरेपर्यंत."

मोठीआईंनी गोधडीकडे बघितलं. विहीणबाईंच्या मुठीत ती घट्ट होती.

"राहा की," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे."

मिस्त्री आला तेव्हा घर उबदार होतं आणि दोन आज्या एकाच पलंगावर बसून नात कुणासारखी दिसते यावर भांडत होत्या. बर्नर चालू. मिस्त्रीनं कान लावून ऐकलं, धूर कागदावर घेतला, कागद पांढरा. त्याला काही केल्या कळेना. शेवटी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावून, पहिल्यांदाच बायकांसकट, तो म्हणाला, "कारण काही सापडत नाही. पण एकच सांगतो. या भोकासमोर कधी काही ठेवायचं नाही. कुणीही."

दोन्ही आज्या एकदम नानांकडे वळल्या.

"ऐकलंत ना?"

नानांचा चेहरा पडला. छिन्नीच्या आवाजातलं निम्मं वाक्य त्यांना आता कुठं आठवलं. ते मुकाट्यानं बाहेर गेले, भिंतीला टेकवलेली स्वतःची सायकल भोकापासून पार फाटकापर्यंत नेऊन उभी केली, आणि आत येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

"असू दे," विहीणबाई म्हणाल्या.

"होतं माणसाकडून," मोठीआई म्हणाल्या आणि नातीला नानांच्या मांडीवर दिलं.